अँटवर्पमधील चार दिवसांचे घर

बेल्जियममधील अँटवर्प हे नगर हिऱ्यांच्या व्यापाऱ्यांना नवे नाही. १९६०च्या दशकापासून भारतीय व्यापारी, विशेषतः पालनपूरकडील जैन कुटुंबे, येथे स्थिरावू लागली. १९०५ साली खुल्या झालेल्या भव्य रेल्वे स्थानकातून बाहेर पडले की काही पावलांवर हिरेबाजार लागतो. होव्हेनिअर्सस्ट्राट ही त्यातील पहाऱ्याची गल्ली. येथे मोठमोठे सौदे हस्तांदोलन आणि ‘मझल’ या एका हिब्रू शब्दावर पक्के होतात; परंतु तो शब्द उच्चारण्यापूर्वी प्रत्येक खडा भिंगाखालून गेलेला असतो.

मुक्कामाची जागा मात्र पुष्कळदा केवळ छायाचित्रांवर ठरते. डिसेंबरात मुंबईहून वृद्ध मातोश्रींसह आलेल्या एका कुटुंबाने अशीच चार दिवसांसाठी सदनिका घेतली होती. दाराशेजारच्या पेटीचे आकडे जुळवून किल्ली मिळाली. पण इमारतीला उद्वाहन नव्हते आणि जिना शिडीसारखा उभा होता. चित्रातील प्रशस्त दिवाणखान्यात सोफा उघडला की चालावयास जागा उरत नव्हती. खिडकीसमोर शेजारच्या घराची भिंत होती.

इतके सहन झाले असते. खरी अडचण स्वयंपाकघरात होती. तव्याला आधीच्या पाहुण्यांच्या सामिष अन्नाचा वास होता आणि पाण्याची विजेची किटली बिघडलेली होती. घरून आणलेले पातेले इंडक्शन शेगडीवर ठेवले, तर ते तापेचना. कारण ज्या बुडाला लोहचुंबक चिकटते, तेच भांडे त्या शेगडीवर तापते. घड्याळात चार वाजून गेले होते. डिसेंबरात तेथे पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो. मातोश्रींना चौविहार आणि उकळलेल्याच पाण्याचा नियम. चिरंजीव भांडे आणावयास धावले. ते परतेपर्यंत सूर्यास्त झाला होता. मातोश्रींनी पाण्याविनाच पच्चक्खाण घेतले. तेथे त्या दिवसांत सूर्योदयच पावणेनऊच्या सुमारास होतो. नवकारशी येईपर्यंत साडेनऊ वाजले. जवळजवळ सतरा तास त्या माऊलीने निर्जळ काढले आणि तक्रारीचा शब्द काढला नाही. चिरंजिवांना मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

मालकाने मुद्दाम फसविले असे म्हणता येत नाही. चित्रांत दाखविलेले सर्व तेथे होते. जे विचारले नव्हते, तेच नव्हते. जिना, शेगडीचा प्रकार, भांड्यांची स्थिती यांची लेखी चौकशी दोन ओळींत होते. आपले चपट्या बुडाचे पातेले घरीच लोहचुंबक लावून पाहता येते. जूनमध्ये तेथे सूर्यास्त रात्री दहाच्या सुमारास होतो, तर डिसेंबरात दुपार सरताच. म्हणून तिकीट काढतानाच विमानाच्या वेळेशी सूर्यास्ताची वेळ ताडून पाहणे अगत्याचे आहे.

या नगरात असा प्रश्न कोणाला विचित्रही वाटत नाही. हिरेबाजाराच्या परिसरातील धर्मनिष्ठ ज्यू कुटुंबे दूध आणि मांस यांची भांडी कटाक्षाने वेगळी ठेवतात. दक्षिणेकडील विल्राइक उपनगरात जैनांचे शुभ्र संगमरवरी देरासर उभे आहे. दुसऱ्या दिवशी दर्शनास गेलेल्या त्या कुटुंबाला तेथील एका गृहिणीने स्टीलचे जड बुडाचे पातेले दिले. उरलेले तीन दिवस त्याच अडचणीच्या खोलीत वेळेवर पाणी उकळले आणि सूर्य मावळण्यापूर्वी ताटे वाढली गेली.