वहीतील शून्य

धारवाडला माळमड्डीवर आमचे बालपण गेले. शाळेत वर्षातून एकदा ताकदीची परीक्षा होई. मैदानाच्या कडेच्या लोखंडी दांड्याला लोंबकळायचे आणि हनुवटी दांड्यावर न्यायची. जितक्या वेळा जाईल तितके गुण. आम्ही पाय झाडले, कोपरे थरथरली, पण हनुवटी काही वर गेली नाही. मास्तरांनी वहीत शून्य लिहिले. पुढच्या वर्षीही शून्यच. तेव्हापासून कवायतीच्या तासाला आमच्या पोटात हटकून दुखू लागले.

गंमत अशी, की घरी आजोबांसमोर आम्ही रोज सकाळी पंचवीस जोर काढीत असू. ते मास्तरांनी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही.

हे कोडे पुष्कळ उशिरा उलगडले. दांड्याला लोंबकळणाऱ्यास सगळा देह उचलावा लागतो. जोराचा सरळसोट भाऊबंद जो पुश-अप, त्यात हातांवर सुमारे दोन तृतीयांशच भार येतो, बाकीचा पाय पेलतात. ओढणारे स्नायू निराळे, ढकलणारे निराळे. अंगाने भरलेले मूल दांड्यावर हरते ते पुष्कळदा वजनापायी. शिवाय शून्याच्या खाली मोजता येत नाही. वर्षभरात बळ थोडे वाढले तरी वही तेच सांगते. अमेरिकेतील शालेय चाचणीत 1965 पासून मुलींसाठी हनुवटी दांड्यावर धरून राहण्याचे सेकंद मोजू लागले. निदान दोन सेकंदांचे तीन झालेले तरी दिसतात!

आपल्याकडे 2019 मध्ये आलेल्या खेलो इंडियाच्या तपासणीत चौथीपासून पुढे मुलांना पुश-अप आहेत, मुलींना गुडघे टेकून. गुडघे टेकले की हातांवरचा भार निम्म्याच्या आसपास येतो. हुबळीची आमची नात चिडून म्हणाली, "अज्जा, मुलींनीच का गुडघे टेकायचे?" प्रश्न बिनतोड होता. ज्याला जे झेपेल तेथून त्याने आरंभ करावा, यात मुलगा-मुलगी कशाला?

मग तिने सहज सांगितले, की वर्गातल्या एका लठ्ठशा मुलाचा एकही पुश-अप झाला नाही, सगळे हसले, आणि आता खेळाच्या तासाला त्याच्या पोटात दुखते.

आम्ही तिला म्हटले, "रविवारी त्याला घेऊन ये. अंगणातल्या कट्ट्यावर हात टेकले की भार आणखी हलका होतो. तेथून सुरू करू."