ढालीवरचा सिंह आणि मरोळचं घर

मरोळ गावठाण, अंधेरी (पूर्व)

चि. बाबूस,


घरच्या ग्रुपवर तू टाकलेलं ते ‘कुलचिन्ह’ पाहिलं. ढाल, तिच्यावर सिंह, वर लोखंडी टोप, खाली ‘रॉड्रिग्ज’. आणि त्याखाली तुझा शेरा: ‘आपण मुळात जर्मनच!’ पोरासोरांनी अंगठे दाखवले, तुझ्या आईने हात जोडले, आणि मला रात्रभर झोप नाही. म्युनिकला निघालास तेव्हा तिथली थंडी बाधेल म्हणून आम्ही काळजीत होतो. बाधलं ते हे.

तुझ्या म्हणण्यातलं खरं तेवढं आधी देऊन टाकतो. रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा मुलगा, आणि रॉड्रिगो हे नाव जर्मानिक टोळ्यांचंच. तुमच्याकडचा रोडेरिख तो हाच. 409 साली सुएबी लोक आयबेरियात उतरले, मागोमाग व्हिसिगॉथ आले आणि त्यांनी राज्य केलं. 711 साली अरब-बर्बर फौजेपुढे हरलेला त्यांचा राजा रॉड्रिगोच होता. राज्य गेलं, नावं राहिली. फर्नांडिस, गोन्साल्विस, अल्वारिस, हेन्रिक्स, सगळी त्याच मुळातली. म्हणजे तुझ्या हिशोबाने लग्नघरी फुगिया तळणारी आपली फर्नांडिसांची मावशीसुद्धा गॉथ! सांगून बघ तिला. झारा घेऊन मागे लागेल.

अरे, नाव कुठून कुठे गेलं म्हणून माणसंही तिथूनच आली असं होत नाही. 1534 मध्ये गुजरातच्या सुलतानाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली आणि तिच्याबरोबर आपली साष्टीही गेली. पाद्री आले, बाप्तिस्मे झाले. बाप्तिस्म्याला धर्मपिता लागतो. तो असायचा कोणी पोर्तुगीज, नाहीतर पाद्रीबाबाच. त्याचं आडनाव नव्या किरिस्तावाला चिकटायचं. कोळी, कुणबी, भंडारी चर्चमध्ये शिरले ते परेरा, डिसोझा होऊन बाहेर पडले. तुझ्या ऑफिसातल्या म्युलरचा कोणी पूर्वज गिरणी चालवत असेल, श्मिटचा भाता फुंकत असेल. आपल्या आडनावातून तेवढंही हाती लागत नाही. डोक्यावर पाणी पडताना शेजारी कोण उभा होता, एवढंच ते सांगतं.

आणि आपण ‘ईस्ट इंडियन’ तरी कधीपासून? 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, आपल्या पुढाऱ्यांनी असोसिएशन काढली आणि हे नाव घेतलं. गोव्याहून, मंगळुराहून येणाऱ्या ख्रिस्ती लोकांत आपण मिसळून जाऊ नये, आपल्या नोकऱ्या जाऊ नयेत म्हणून. पोट पुढे आणि नाव मागे, असंच चाललंय पहिल्यापासून. तुझ्या आजीला विचारलं असतंस ‘आपण कोण?’ तर लुगड्याचा काष्टा सावरत ती म्हणाली असती, मरोळची. संपलं. तुझ्या बापाच्या लग्नात उंबराचं पाणी आणायला बँडच्या पुढे तीच होती. ते पाणी काय गॉथांनी शिकवलं?

मूळच शोधायचं असेल तर सीप्झ औद्योगिक वसाहतीच्या आत बघ. कोंडिविट्याचं सेंट जॉनचं चर्च, जेझुइटांनी 1579 साली बांधलेलं, तिथे पडक्या अवस्थेत उभं आहे. 1840च्या सुमाराला साथ आली तेव्हा चर्च मरोळला हललं आणि माणसंही. भोवती नंतर कारखाने झाले. आता स्वतःच्या पूर्वजांच्या चर्चकडे जायला फाटकावर परवानगी लागते. या गोष्टीला कुलचिन्ह नाही, म्हणून ती तुझ्या ग्रुपवर येत नाही.

आणखी एक सांगतो, रागावू नकोस. ‘मुळात कोण’ हा प्रश्न तू ज्या देशात बसून विचारतोस, तिथे तो सरकारनेही विचारला होता. 1933च्या एप्रिलमध्ये कायदा झाला आणि सरकारी नोकरीसाठी आजा-आजी ज्यू नव्हते हे सिद्ध करावं लागलं. लोक चर्चमध्ये रांगा लावून बाप्तिस्म्याच्या वह्यांतले उतारे काढत होते. 1938 मध्ये तर ज्यूंच्या नावांत ‘इस्राएल’ आणि ‘सारा’ सक्तीने घुसवलं. वहीत पोराचं नाव लिहिणाऱ्या बिचाऱ्या पाद्र्याला काय कल्पना, पुढे तिचं काय करतील! म्हणून म्हणतो, मुळाची हौस जपून कर. आज ढालीवर सिंह आहे, उद्या कोणीतरी विचारेल, तू सिंहाचा की नाही ते दाखव.

बरं, वहीवरून आठवलं. आपल्यालाही वहीशीच गाठ आहे. घराच्या प्रॉपर्टी कार्डावर पणजोबांचं आडनाव एका तऱ्हेने, तुझ्या बापाच्या शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या, आणि तुझ्या पासपोर्टवर तिसऱ्या. कचेरीतला माणूस म्हणतो, ही तीन वेगळी कुटुंबं. तेराशे वर्षं मागे जाऊन तू राजा शोधलास. तीन पिढ्यांचा दाखला मात्र मला जुळवता येईना. तेव्हा एक काम कर. आठवडाभरात वकिलातीत जाऊन घराच्या कामासाठीच्या मुखत्यारपत्रावर सही कर. नाव पासपोर्टवरचंच लिही, आणि पुढे ‘उर्फ’ घालून कार्डावरचं, अक्षर न् अक्षर तसंच. ‘रॉड्रिगो’ लिहू नकोस, हात जोडतो.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेऱ्याचा सण आहे. जमलं तर ये. वहिनी बोलत नाही, पण बॉटल मसाल्याच्या मिरच्या वाळत घातल्या तेव्हा एक बाटली जास्तीची धुऊन ठेवली होती.

यायला जमणार नसेल तर निदान सही तरी पाठव. बिल्डरचा माणूस परवा पुन्हा येऊन गेला. जर्मनीतला वारस कधी येणार, विचारत होता. तुझं नाव त्याला तिन्ही स्पेलिंगांसकट पाठ आहे.

तुझा
काका