चोर्ल्याच्या मोरीवरचा ओरखडा

बेळगावातल्या आपल्यापैकी बऱ्याच घरांचं कुलदैवत गोव्यात. त्यामुळे पिरनवाडीला खानापूरचा रस्ता सोडून जांबोटीकडे वळायचं, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं. जांबोटीला चहा, कणकुंबीला माउलीचं दर्शन आणि मलप्रभेच्या उगमाला नमस्कार. पुढे चोर्ला, घाट उतरून केरी, मग साखळी. दोन्ही बाजूंचं रान इतकं दाट की पावसाळ्यात दुपारीही दिवे लावून जावं लागतं.

गेल्या सप्टेंबरमध्ये आम्ही कवळ्याला शांतादुर्गेच्या दर्शनाला निघालो होतो. मागे आई आणि सात वर्षांची मुलगी, शेजारी बायको. कणकुंबीच्या पुढे एका वळणावर धुक्यातून एक पिकअप माझ्या बाजूला येताना दिसली. मी गाडी डावीकडे घेतली आणि पुढचं डावं चाक मोरीच्या दगडी कठड्यावर आदळलं. वेग तिशीच्या आसपास होता. कुणाला लागलं नाही, टायरही फुटला नाही. बंपर खरवडला होता, रिमला पोचा आला होता. आईने मागूनच विचारलं, "गाडी चालते ना रे?" चालत होती. फक्त सरळ जाताना स्टेअरिंग थोडं वाकडं धरावं लागत होतं. तशीच घाट उतरवली.

गोव्यात एका दुकानात व्हील अलाइनमेंट करून घेतलं. अर्ध्या तासात छापील कागद हातात आला, सगळे आकडे हिरवे. स्टेअरिंगही सरळ झालं होतं. पण फोंड्याच्या रस्त्यावर हात सैल सोडला की गाडी हळूच डावीकडे सरकायची. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला डावीकडे उतार असतो, सगळ्यांच्याच गाड्या सरकतात. पटण्यासारखं होतं, कारण ते खरंच असतं. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीने सगळ्यांना घेऊन मी घाट चढून घरी आलो.

पुढच्या रविवारी उद्यमबागेत गेलो. फाउंड्र्या आणि हायड्रॉलिक्सच्या कारखान्यांचा हा भाग. इथल्या मिस्त्रींना लोखंड कुठे आणि कसं वाकतं हे वेगळं सांगावं लागत नाही. वडील ज्यांच्याकडे स्कूटर न्यायचे, त्या मामांकडेच गेलो. त्यांनी कागद लांब धरून पाहिला.

"रस्ता ओढतो म्हणे. मग उजव्या अंगानं चालवून बघितलं काय?"

नव्हतं बघितलं. रविवारचे रस्ते रिकामे होते. मामांनी उजवीकडे उतार असलेल्या भागावर गाडी सावकाश नेली. तरी ती डावीकडेच जात होती. मग पुढचे दोन्ही टायर आपसात बदलले. टायरचा दोष असता तर ओढ उजवीकडे गेली असती, निदान बदलली असती. तसं झालं नाही. म्हणजे रस्ता नाही आणि टायरही नाही.

मग त्यांनी जे काढलं ते बघून मला हसू आलं: गवंड्याचा ओळंबा आणि खडू. चारही टायरची हवा सारखी केली, स्टेअरिंग सरळ धरलं, प्रत्येक चाकाच्या मध्यावरून ओळंबा सोडून फरशीवर खूण केली. गाडी मागे घेतल्यावर टेपचं एक टोक माझ्या मुलीने धरलं. उजव्या बाजूला पुढच्या ते मागच्या चाकाचं अंतर २,४५० मिलिमीटर. डाव्या बाजूला २,४३६.

मागचा धुरा सरकला असता तरी असा फरक आला असता, म्हणून मामा गाडीखाली गेले. चासीच्या एका भोकापासून लोअर आर्मच्या बॉल जॉइंटपर्यंत दोन्हीकडे मोजलं. डावीकडचा जॉइंट मागे गेला होता. टॉर्च मारली तर आर्मवरचा काळा रंग एका ठिकाणी सुरकुतून उडालेला. डाव्या टाय रॉडचे आटेही उजव्यापेक्षा पाच-सहा जास्त उघडे होते.

"हा कागद खोटा नाही हो. यानं अर्धंच सांगितलंय."

चाकं एकमेकांना समांतर आहेत की नाही तो टो. आमच्यासारख्या बहुतेक छोट्या गाड्यांत बाहेरून जुळवता येतो तो तेवढाच. टाय रॉड फिरवला की आकडा हिरवा होतो, आर्म वाकलेला का असेना. कॅस्टर वेगळा. सायकलचा पुढचा काटा तिरका असतो ना, तसाच चाकाच्या वळण्याच्या आसाचा तिरपेपणा. त्याच्यामुळे चाक आपसूक सरळ होतं. खालचा जॉइंट मागे ढकलला गेला की त्या बाजूचा कॅस्टर कमी होतो आणि गाडी तिकडेच ओढते. तो मोजायला स्टेअरिंग दोन्हीकडे वळवून आकडे घ्यावे लागतात, वेळ जातो. मी कागद पुन्हा पाहिला. कॅस्टरचा रकाना रिकामा होता.

ऑफिसात न चालवलेली चाचणी 'पास' म्हणून दाखवणाऱ्याला मी झापतो. इथे रिकामा रकाना माझ्याच खिशात होता आणि गाडीत आई आणि मुलगी.

आर्म ठोकून सरळ करता येणार नाही का, असं मी विचारून पाहिलं. मामांनी मानच हलवली. एकदा वाकलेलं लोखंड पुन्हा सरळ केलं तर ते कधी आणि कुठे तडकेल, याची हमी ते देत नाहीत. नवा आर्म बसवला, शॉकअप आणि क्रॉस मेंबर तपासले, ते ठीक होते. मग मोठ्या केंद्रात जाऊन कॅस्टरसकट सगळं मोजून आणायला सांगितलं. जुना आर्म नव्याशेजारी फरशीवर ठेवला होता. मुलीला फरक दिसेना. मामांनी जुना नव्यावर ठेवला, तेव्हा बोटभर फट दिसली.

दिवाळीनंतर पुन्हा कवळ्याला गेलो. जांबोटीच्या पुढे सरळ रस्ता लागला तेव्हा स्टेअरिंगवर दोनच बोटं ठेवून पाहिली. बायको म्हणाली, पुरे. ती मोरी आली. कठड्यावर आमच्या बंपरचा पांढरा ओरखडा होता, पावसानेही गेला नव्हता. आईने गाडी थांबवायला सांगितलं नाही, जाता जाता हात जोडले.