सुटलेला झेल



गेल्या महिन्यात आमच्या धर्मग्रामातील एक काका प्रभूघरी गेले. महिन्याच्या मिस्सेत वाचण्यासाठी त्यांच्यावर चार ओळी लिहायचे काम माझ्याकडे आले. लिहायला बसलो आणि पहिलीच आठवण आली ती ‘वरची पट्टी’. खूप वर्षांपूर्वी बिशप आले असताना काकांनी अर्पणाचे गीत पेटीवर इतक्या वरच्या पट्टीत धरले की गायनमंडळ अर्ध्यातच थांबले. तेव्हापासून त्यांचे हेच नाव पडले. मीही ते हसत हसत वापरले आहे, त्यांच्या पाठीमागे.

तेव्हा मला फ्रेड स्नॉडग्रास आठवला. तो अमेरिकेतला बेसबॉलपटू, मैदानाच्या मागच्या भागात उभा राहून उंच चेंडू झेलणारा. १९०८ पासून तो न्यूयॉर्क जायंट्सकडून खेळला. १९११, १९१२ आणि १९१३ अशी सलग तीन वर्षे त्याचा संघ आपल्या लीगमध्ये पहिला आला. पण १६ ऑक्टोबर १९१२ रोजी बॉस्टनमध्ये अजिंक्यपदाच्या शेवटच्या सामन्यात, दहाव्या डावात, संघ एका धावेने पुढे असताना क्लाइड एंगलने टोलवलेला एक सोपा झेल त्याच्या हातून सुटला. आपल्याकडे लहान मुलानेही घेतला असता, असा. जायंट्स ३-२ असे हरले. जिंकणाऱ्या आणि हरणाऱ्या संघांच्या बक्षिसातला फरक धरून लोकांनी त्या चुकीला ‘तीस हजार डॉलरची चूक’ असे नाव दिले.

पुढचे मात्र फार थोडे जण सांगतात. लगेच पुढच्या हॅरी हूपरने चेंडू लांबवर मारला आणि स्नॉडग्रासने धावत जाऊन अवघड झेल घेतला. त्यानंतर ट्रिस स्पीकरचा एक सोपा झेल त्याच्या सोबत्यांमध्येच पडला. कोणीच घेतला नाही. त्या सोबत्यांच्या नावाने डॉलर मोजले गेले नाहीत. संघाचे व्यवस्थापक जॉन मॅकग्रॉ यांनी त्याला बोल लावला नाही, उलट पगार वाढवला.

खेळ सोडल्यावर तो कॅलिफोर्नियात शेती करू लागला, ऑक्सनार्ड शहराचा नगराध्यक्ष झाला. १९७४ मध्ये ८६ व्या वर्षी तो वारला. न्यूयॉर्क टाइम्सने निधनाच्या बातमीच्या मथळ्यातच १९१२ चा तो सुटलेला झेल छापला.

त्या मथळ्याचा मला राग येत असे. माझ्या कागदाची पहिली ओळ तरी वेगळी कुठे होती? कोंबडा आरवला की आपल्याला संत पेत्राचे नाकारणे आठवते. येशूने मात्र मेंढरे त्याच्याच हाती सोपवली.

मी कागद फाडला. नव्याने लिहिले: तीस वर्षे, पावसापाण्यात, दर रविवारी पहिल्या मिस्सेआधी अर्धा तास येऊन पेटी पुसणारा माणूस. ‘वरची पट्टी’ वगळली आणि काकूंना दाखवायला गेलो.

त्यांनी सावकाश वाचले. मग विचारले, “आणि बिशप आले होते ते?”

“ते नको म्हटलं, काकू.”

“का रे? ते स्वतःच सगळ्यांना सांगून हसायचे.” डोळे पुसत त्या म्हणाल्या, “लिही. पण आधी पेटीचं लिही.”