परसांतील क्रीडांगण

कल्याणास पारनाक्याच्या बाजूस आमचें वडिलोपार्जित घर आहे. पुढें ओटी, मध्यें माजघर, मागें विहीर, आणि विहिरीपलीकडे ६० फूट लांब व ३४ फूट रुंद असें परस. या परसाची मोजणी गेल्या दोन वर्षांत दोनदां झाली. पहिली एका बिल्डराच्या माणसानें केली. त्यानें चौरस फुटांचा जो आंकडा सांगितला, त्यानें आम्हां तिघां भावांची झोंप पुष्कळ दिवस उडाली. दुसरी मोजणी नातवंडांनीं उन्हाळ्याच्या सुटींत धुण्याच्या दोरीनें केली. "आजोबा, आपल्या परसांत बॅडमिंटनचें कोर्ट बसतें!" असें तीं ओरडत आलीं. दुहेरी खेळास ४४ फूट लांब व २० फूट रुंद जागा लागते; तेवढी देऊनहि चोहोंकडे मोकळी पट्टी उरत होती. हिशेब बरोबर होता.

आमचें मत प्रथम प्रतिकूल होतें, हें कबूल केलें पाहिजे. जेथें मातुःश्रींनीं अळू, कर्दळी व अनंत लाविले, तेथें फक्कीच्या रेषा आंखणें आम्हांस रुचेना. घर द्यावें कीं ठेवावें हें ठरलें नसतां त्यावर पैसा घालणें शहाणपणाचें नव्हे, असें धाकटे बंधू म्हणत. ते देण्याच्या बाजूचे होते. शेवटीं थोरल्या वहिनींनीं तोड काढली. एक वर्ष बिल्डरास उत्तर द्यावयाचें नाहीं, आणि तेवढें वर्ष मुलांना खेळूं द्यावें.

खांबांची गोष्ट निघाली तेव्हां ठाण्याच्या साडूंची आठवण झाली. नौपाड्यांतील त्यांच्या कौलारू घराच्या अंगणांत आमचीं मुलें लहानपणीं हाच खेळ खेळत. एका रविवारीं आम्ही धीम्या गाडीनें निघालों. ज्या डोंबिवलींत लोक एके काळीं बैठें घर आणि चार झाडें यांसाठीं येऊन राहिले, तेथें आतां गाडींतून एकावर एक सज्जेच दिसतात. मुंब्र्यास मात्र एका बाजूस डोंगर व दुसऱ्या बाजूस खाडी, हें दृश्य अजून डोळे निववितें. मुंबईहून ठाण्यापर्यंत १८५३ सालीं गाडी आली, आणि पुढच्याच वर्षीं रूळ कल्याणास पोंचले, असें आम्ही वर्गांत मोठ्या अभिमानानें शिकवीत असूं. तेच रूळ पुढें परसांची किंमत वाढवितील, हें शिकवावयाचें राहून गेलें.

साडूंच्या घराच्या जागीं आतां सात मजली इमारत आहे. त्यांना तिसऱ्या मजल्यावर प्रशस्त खोल्या मिळाल्या आहेत. लिफ्ट आहे, पाणी वेळेवर येतें. दुखऱ्या गुडघ्यांना हें सर्व सोयीचें आहे, आणि तें सुख खोटें म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. खांब मात्र त्यांनीं भंगारांत दिले नव्हते. तळमजल्यावर विजेच्या मीटरांच्या खोलींत ते कोपऱ्यास टेकून उभे होते. साडूंनीं ते हातरुमालानें पुसले. "यांना येथें काम उरलें नाहीं, घेऊन जा," एवढेंच म्हणाले, आणि जाळें शोधावयास म्हणून वर गेले ते बराच वेळ खालीं आले नाहींत.

साडेसहा फुटी दोन लोखंडी खांब घेऊन आम्ही मालाच्या डब्यांत भाजीच्या पाट्यांशेजारीं उभे राहिलों. "काका, मंडप कोणाकडे?" असें एकानें विचारलें. आम्हीं "घरचाच आहे" म्हणून वेळ मारून नेली.

पुढचा वाद जमिनीचा. चिरंजीवांच्या मतें सिमेंट घालावें, म्हणजे पुन्हा पाहावयास नको. पण परसांत मुरणारें पावसाचें पाणीच विहिरीस मिळतें. तें अडवून खेळावयाचें तर विहीर सुकावयाची. शिवाय कठीण जमिनीवर उड्या मारून पोरांचे गुडघे दुखावयाचे, हें साडूंचे गुडघे पाहून आलेल्यास सांगावें लागत नाहीं. सात ब्रास मुरूम आला. चार इंचांचा थर देऊन, पाणी शिंपून, धुमसानें ठोकून, त्यावर रूळ फिरविला. पाणी निघून जावें म्हणून दर दहा फुटांस एक इंच उतार ठेविला.

उघड्यावरचें कोर्ट दक्षिणोत्तर असावें, म्हणजे सकाळसंध्याकाळ सूर्य डोळ्यांवर येत नाहीं. आमचें परस पडलें पूर्वपश्चिम! पण शेजारीं पश्चिमेस जी उंच इमारत उठली व जिच्या नांवानें आम्ही इतकीं वर्षें बोटें मोडलीं, तिचीच सावली साडेचारनंतर साऱ्या कोर्टावर पडते. तिच्याविषयींचे आमचे शब्द आम्हीं तूर्त परत घेतले आहेत.

वाऱ्याचें मात्र तसें झालें नाहीं. खाडीवरून येणाऱ्या झुळकेनें पिसांचें फूल पहिल्याच आठवड्यांत तीनदां विहिरींत नेलें. येथें इतिहास उपयोगीं पडला. बॅडमिंटन हें नांव इंग्लंडांतील ब्यूफर्टच्या ड्यूकच्या वाड्याचें असलें, तरी या खेळास एके काळीं 'पूना' म्हणत, आणि त्याचे आरंभींचे नियम १८७३ च्या सुमारास पुण्याच्या छावणींत ठरले. वारा असला म्हणजे तेथील मंडळी फुलाऐवजीं लोकरीचा चेंडू घेत. तंजावरकडील बॉल बॅडमिंटन अजूनहि लोकरीच्या चेंडूनेंच खेळतात. वहिनींनीं जुन्या स्वेटराची लोकर उसवून घट्ट चेंडू वळून दिला. हल्लीं वारा असला कीं तोच चालतो. फूल निघतें तें निवांत सकाळीं. तेव्हां धाकट्या सूनबाई कामाची गाडी पकडण्यापूर्वीं अर्धा तास खेळतात, आणि त्यांच्या हातच्या फटक्यापुढें चिरंजीवांचें कांहीं चालत नाहीं.

पहिल्या पावसानें फक्की धुवून नेली व विहिरीच्या बाजूस हातभर लांब चरी पाडली. उतार तेथें अंमळ जास्त झाला होता. चूक आमचीच, कारण दोरी आम्हीं धरली होती. ठरलेलें वर्ष दसऱ्यास पुरें होतें. बिल्डराच्या माणसाचा फोन परवां येऊन गेला. धाकट्या बंधूंनीं तो घेतला, "अजून बोललों नाहीं" एवढें सांगून खालीं ठेविला, आणि चरी भरावयास मुरुमाचीं आणखी दहा घमेलीं मागविलीं.