हातांना कळतं ते

सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतात. किनवटच्या जंगलाकडेच्या लेकरांना हे कुणी शिकवावं लागत नाही. हिरव्या पानातून लाल रंग निघताना पहिल्यांदा पाहिलं की लेकरू पान टाकून देतं आणि स्वतःच्या हाताकडेच बघत बसतं. तेच पान जून झालं की खरखरीत होतं, गालाला लावलं तर टोचतं. मोहाची फुलं चिकट, पळसाची फुलं मऊ. या जंगलाच्या कडेला वाढणाऱ्या मुलाच्या बोटांना अक्षरांच्या आधी किती गोष्टी ओळखीच्या झालेल्या असतात!

आणि काळी माती. उन्हाळ्यात तिला पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती चपलेला लगडून पाय जड करते. पोळ्याच्या आधी तिचे बैल करायचे. पाणी जास्त झालं तर बैल पोटावर बसतो, कमी पडलं तर वाळताना मानेला चीर जाते. वशिंड नीट जमलं तरी शिंगं गळून पडतात. मग पुन्हा मळायचं. किती पाणी पुरे, हे सांगून कळत नाही, ते बोटांनाच कळावं लागतं. ज्वारीच्या धांड्याचंही तसंच. वरची साल सोलायची, आतला पांढरा, हलका गर तोडायचा आणि सालीच्याच काड्या खोचून बैलगाडी जोडायची. साल मात्र धारेची असते, बोट कापतं, म्हणून सोलून द्यायला मोठं माणूस हवं.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी हातांचं हे शिकणं फार आधी ओळखलं होतं. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम उभं केलं आणि 1957 मध्ये ते कोसबाडला नेलं. मॉन्टेसोरी पद्धतीची महागडी साधनं आदिवासी पाड्यांना परवडणारी नव्हती. मग त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे घेतले. मला यात काटकसरीपेक्षा मोठी गोष्ट दिसते, ती म्हणजे मुलाच्या भोवतीच्या जगाबद्दलचा आदर.

आज किनवटमध्येही घरोघरी फरशी आली, आणि लेकराचा हात मातीत गेला की “शी, घाण” हा शब्द आला. सोयाबीन काढून थकून आलेल्या आईला दोष कसा द्यायचा? मोबाईल हातात दिला की लेकरू गप्प बसतं आणि चूल पेटते. पण काचेचा तो पडदा सगळीकडे सारखाच गुळगुळीत. त्यावर पाऊस दिसतो, ओला लागत नाही.

म्हणून खेळासाठी वेगळा वेळ काढायला नको, चालू कामातच लेकराला जागा द्यावी. भाकरी थापायच्या वेळी पिठाचा एक गोळा त्याच्यासाठी बाजूला काढावा. गरम पाण्यात मळलेलं ज्वारीचं पीठ निवत जाताना कसं बदलतं, ते त्याच्या मुठीला कळू द्यावं. “हळू थाप गं माय, कड फुटायलीय,” असं आज्जी सांगते, तरी फुटते. ती वाकडी चानकी, म्हणजे छोटीशी भाकर, तव्यावर पडली की नात भाजून होईपर्यंत तिथून हलत नाही.

परातीत पाणी आणि दोन वाट्या दिल्या तरी अर्धी दुपार सरते. एवढंच, की लेकराला पाण्याजवळ एकटं सोडू नये. फार लहान पोर असेल तर चिंचोके, खडे हाताशी ठेवू नयेत, सगळं तोंडात जातं. आणि गुंजा कितीही देखण्या असल्या तरी विषारी, त्या घरातच आणू नयेत.

थोडं मोठं झालं की सुपात मूठभर तूर आणि मूठभर हरभरा मिसळून द्यावा. आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून, नुसत्या बोटांनी वेगळं करायचं. सगळं निवडून झालं की लेकरू दोन्ही ढीग आपणच एकत्र करतं आणि पुन्हा पहिल्यापासून बसतं.