काळ्या डोळ्यांची चवळी

३१ डिसेंबरच्या रात्री चवळी भिजत घातली की पाण्याखालून ते काळे डोळे एकटक बघत राहतात. आईच्या हातची चवळीची उसळ लहानपणापासून खाल्ली, पण दाण्याला डोळा असतो हे कधी मनातच आलं नव्हतं. इथे साउथ कॅरोलायनात तिचं नावच ‘काळ्या डोळ्यांची’. १ जानेवारीला ती भातात घालून शिजवतात, तो हॉपिन जॉन. सोबत कॉलर्डची पालेभाजी आणि मक्याचा पाव. चवळी म्हणजे नाणी, पाला म्हणजे नोटा, पाव म्हणजे सोनं. ताटात तीन दाणे मुद्दाम ठेवायचे, म्हणजे वर्ष बरं जातं.

हे सगळं मला शेजारच्या कृष्णवर्णीय आजींनी शिकवलं. कॉलर्डची पानं जाड, दांडा चिवट. त्या दांडा ओढून काढत, पानं एकावर एक रचून घट्ट सुरळी करत आणि बारीक चिरत. मला अळूवडीच आठवे. पाला तीनदा धुवायचा, धुरी दिलेल्या डुकराच्या नळीबरोबर मंद आचेवर तासभर रटरटू द्यायचा. (मी टर्की घालते, त्यांनी कधी नाक मुरडलं नाही.) खालचं पाणी सांडायचं नाही, पाव त्यातच बुडवायचा. चवळीला मात्र कुकर नाही. ‘‘पोरी, दाणा फुटता कामा नये,’’ त्या बजावत.

चवळी मूळची आफ्रिकेची. माणसं जहाजांत कोंबून आणली, तेव्हा तीही इकडे आली. इथली भातखाचरं त्याच माणसांनी उपसली, भाताची जाणही त्यांचीच. १८४७ साली सारा रटलेजच्या ‘द कॅरोलायना हाउसवाइफ’मध्ये हॉपिन जॉनची कृती छापून आली. चुलीपाशी राबणाऱ्या बायकांची नावं कोण छापणार?

आणि दिवस कोणता, तर १ जानेवारी. गुलामांना वर्षाच्या बोलीवर भाड्याने देण्याचा दिवस. आदल्या रात्री लेकरांना कुशीत घेऊन बसलेल्या आईला उद्या ती कुशीत असतील की नाही, ठाऊक नसे. १८६२च्या ३१ डिसेंबरला हीच माणसं वेगळ्या आशेने जागली, दुसऱ्या दिवशी लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा निघायचा होता. ज्यांचं मोल दुसऱ्यांनी नाण्यांत केलं, त्यांच्या लेकीबाळी आज चवळीची नाणी आपल्या हाताने वाढतात. हे कळल्यापासून तो डाव हातात घेताना मी क्षणभर थांबते. आजींच्या चर्चमध्ये ती रात्र अजूनही जागवतात.

हॉपिन जॉन दुसऱ्या दिवशी उरला, तर त्याला इथे स्किपिन जेनी म्हणतात. मी त्याला मोहरी-हिंगाची फोडणी देते, वर कोथिंबीर, आणि डबा भरून आजींकडे नेते. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, असं एकदा बोलता बोलता मी त्यांना सांगितलं होतं.

गेल्या वर्षी डबा घासूनपुसून लखलखीत होऊन परत आला. उघडला, तर तळाशी चवळीचे तीन दाणे होते.